चांगदेवनं माळ झाकला

बेल्ह्याच्या आठवडे बाजारात चांगदेवला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. आणि त्याच्या जमिनीबद्दल तो जे सांगतो त्यावर विश्वास ठेवणारा माणूसही सापडणार नाही. तसा गडी वाईट नव्हे हो! कुणाच्या अध्यात ना मध्यात, दारू-तंबाखूचं नाव नाही, मयतीला पहिला, लग्नाच्या पंगतीत वाढायला पहिला. पण जमिनीचा विषय निघाला की उचलली जीभ लावली टाळ्याला. "आपल्या रानात काय, लोणी हाय लोणी! काठी रोवली तरी पालवी फुटती." ऐकणारे खाली मान घालून हसायचे, कारण ते रान सगळ्यांनी पाहिलं होतं.

बेल्ह्याहून आणे गावाच्या बाजूला चढत गेलं की डाव्या हाताला जो उघडाबोडका उतार दिसतो, तेच ते लोणी. सहा एकर, आणि सहाच्या सहा मुरमाड. वर बारके-मोठे खडे, खाली तांबूस मुरूम, मधे बोटभर रेताड माती. नांगराला नवा फाळ लावला की एका हंगामात झिजून चमच्याएवढा व्हायचा. पाणी तर विचारूच नका. घागरभर ओतलं तर घागर सरळ करेपर्यंत गडप. दर उन्हाळ्यात चांगदेव खडे वेचून बांधावर टाकायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात तेवढेच खडे पुन्हा वर आलेले असायचे. गावातले लोक म्हणायचे, चांगदेवचा माळ वितो.

वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाच्या चिठ्ठीत ओढ्याकाठची काळी निघाली आणि चांगदेवच्या चिठ्ठीत हा माळ. तेव्हापासून त्याच्या मनात ती लाज खड्यासारखी रुतून बसली ती बसलीच. चार माणसांत "माझी जमीन बरड आहे" हे वाक्य त्यानं साठ वर्षांच्या आयुष्यात एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

आणि पहिली थाप तर त्यानं सासऱ्यालाच मारली होती. सरूबाईचे वडील स्थळ बघायला आले, तेव्हा चांगदेवच्या बापानं त्यांना ओढ्याकाठी शेजाऱ्याच्या काळ्याभोर रानात नेलं. तिथं बावीस वर्षांचा चांगदेव कमरेवर हात ठेवून असा उभा राहिला, की जणू ते रान त्यानंच काल विकत घेतलंय. सोयरीक जमली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सरूबाई विळा घेऊन निघाली तर नवरा ओढ्याकडे न वळता माळाकडे वळला. "आन् त्या दिवशी उभं व्हता ते रान?" तिनं विचारलं. "ते... शेजारचं," चांगदेव म्हणाला. सरूबाईनं एकदा माळाकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि पदर खोचून कामाला लागली. त्यावरून ती कधी भांडली नाही. फक्त अडतीस वर्षं, आठवड्यातून किमान दोनदा, त्याला त्या उभं राहण्याची आठवण करून दिली.

पण खरी गंमत पुढंच आहे. सरूबाईचं त्या माळाशी सूत जमलं. पदरी पडलं पवित्र झालं म्हणून नव्हे, तिला त्यातलं कळायला लागलं. तिनं हुलगा आणि मटकी पेरली, ती मुरमात मजेत आली. गवत वीतभरच वाढायचं, पण शेळ्या ते मिटक्या मारत खायच्या. बोरी-तरवडाला खतपाणी लागायचं नाही. पाऊस थांबून तास होत नाही तोच तिच्या अंगणात वाळवण घालता यायचं आणि खालच्या काळीत माणसं गुडघाभर चिखलात चपला शोधत असायची. चांगदेव खडे वेचायला लागला की ती ओरडायची, "अवो ऱ्हाऊ द्या की ते! खड्याखाली ओल ऱ्हाती. बिनखड्याचं रान लगीच तापतं." चांगदेवला वाटायचं, बाई खिजवतेय. कधीकधी ती खिजवतही असायची, पण खड्यांचं म्हणत होती ते खरंच होतं.

आता आलं भरतचं. भरत म्हणजे यांचा एकुलता एक. वय चौतीस. गावोगाव ठिबकच्या नळ्या जोडायचं काम करतो, हात सोन्याचा, बोलणं मोजून दिवसाला वीस शब्द. आणि लग्न काही जमेना. पाच वर्षांत नऊ स्थळं आली आणि गेली. कुणाला पुण्यातला नोकरदार हवा, कुणाला बागायत हवी. नववं स्थळ तर दारातूनच माळ बघून, चहा न घेता परत फिरलं. त्या दिवशी भरत जेवला नाही. सरूबाईनं भाकरी झाकून ठेवली आणि चांगदेव ओट्यावर बसून माळाकडं असा बघत राहिला, की त्याला खाऊ का गिळू.

दहावं स्थळ आणलं ते महंमद हनीफनं. हनीफभाई जुन्नरचे, शेळ्यांचे व्यापारी. वीस वर्षं सरूबाईच्या शेळ्या घेतात, जुन्नर-आंबेगावचा एक बाजार चुकवत नाहीत, त्यामुळं कुणाच्या गोठ्यात काय आणि कुणाच्या घरात लग्नाचं कोण, दोन्ही त्यांना तोंडपाठ. मंचरच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गेणभाऊंची पोरगी इंद्रायणी त्यांनी सुचवली. शेतीची पदविका झालेली, स्वतः शेळ्या पाळते.

"जमिनीचं काय सांगितलंत?" चांगदेवनं विचारलं.

"जे हाय ते सांगितलं, चांगदेवभाऊ. ऐकूनच खूश झाले. रविवारी येत्यात," हनीफभाई म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

चोराच्या मनात चांदणं! जे आहे ते सांगून कुणी खूश होईल, हे चांगदेवच्या डोक्यात शिरेच ना. मध्यस्थ माणूस कधी खरं बोलतो काय? हनीफभाईंनी दोस्तीखातर दणदणीत थाप मारली असणार, काळीभोर म्हणून सांगितलं असणार, असा त्यानं हिशेब केला. मग आता भावासारख्या माणसाला खोटं पाडायचं? छे! ते शोभलं नसतं.

वैशाख होता. गावचा पाझर तलाव आटून तळाला भेगा पडल्या होत्या आणि लोक तिथला गाळ ट्रॅक्टरनं रानात नेऊन टाकत होते. चांगदेवनंही ट्रॅक्टर सांगितला. तीन दिवस ट्रॉल्या चालल्या. घरापासून मोठ्या बोरीपर्यंत, समोर दिसणारं एकर-दीड एकर रान त्यानं चार-चार बोटं गाळानं झाकून टाकलं. बोरीच्या पलीकडं मात्र माळ उघडाच राहिला. तेवढा गाळ आणायचा कुठून!

"आबा, हे कशाला?" भरतनं विचारलं. त्या दिवसाच्या वीस शब्दांतले तीन त्यानं इथं खर्च केले.

"तुज्यासाठीच मरतोय रं," चांगदेव म्हणाला.

सरूबाई ओट्यावर मटकी निवडत हे सगळं बघत होती. "त्यापरीस शेजारच्या रानात उभं करा की पोराला," ती म्हणाली. "कमरंवर हात ठिवून. घराण्याची रीतच हाय."

रविवारी सकाळी उठून चांगदेवनं गाळाकडं बघितलं तर उन्हानं तो राखाडी पडलेला. काळा काही दिसेना. मग पठ्ठ्यानं पाण्याचा टँकर बोलावला आणि सगळ्या रानावर नळीनं फवारा मारला. रान असं काळंभोर चकाकायला लागलं, की चांगदेवचे डोळे भरून आले. खोटं का असेना, आपल्या दारात काळी जमीन बघायची त्याची जन्माची हौस फिटली. त्यानं नवा सदरा घातला, टोपी सारखी केली आणि वाट बघत बसला.

अकराच्या सुमाराला टेम्पो आला. पुढून हनीफभाई उतरले, गेणभाऊ उतरले आणि पाठोपाठ इंद्रायणी. पोरगी स्वतः आली म्हटल्यावर चांगदेवची तारांबळ उडाली, भरत तर दाराआड गेला. पण पोरीनं दाराकडं बघितलंसुद्धा नाही. टेम्पोच्या मागं जाऊन तिनं फळी पाडली आणि एक पांढरी शेळी उचलून खाली ठेवली. शेळी तीन पायांवर उभी राहिली, चौथा पाय तिनं उचलून धरला होता.

"राम राम काका," इंद्रायणी म्हणाली. "मुलगा नंतर बघू. आधी हिला रान दाखवा."

चांगदेवनं आयुष्यात पुष्कळ पाहुणे पाहिले होते, पण जमीन बघायला आलेली शेळी पहिल्यांदाच. तरी तो डगमगला नाही. "बघा की! हे समोर पसरलंय ते सगळं आपलंच. लोणी हाय, पावणं, लोणी!"

गेणभाऊ बघत राहिले. हनीफभाईही बघत राहिले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. वीस वर्षं ते या दारात येत होते. "चांगदेवभाऊ," ते हळूच म्हणाले, "माळ कुठं गेला?"

"कसला माळ?" चांगदेव डोळे मिचकावून म्हणाला. त्याला वाटलं, हनीफभाई नाटक छान करतायत.

इंद्रायणीनं शेळीला दोरी धरून पुढं नेलं. रानाच्या कडेला शेळी थांबली. तिनं वास घेतला, एक पाय टाकला, पाय खुरापर्यंत गाळात गेला, आणि शेळीबाईनं असा काही हिसडा मारला की दोरी इंद्रायणीच्या हातातून सुटली. लंगडत, उड्या मारत ती बांधाच्या दगडांवरून पळाली आणि थेट बोरीच्या पलीकडं उघड्या माळावर जाऊन उभी राहिली. तिथं तिनं तीन पाय नीट रोवले, अंग झाडलं आणि वाळकं गवत ओरबाडायला लागली. तिला आणायला निघालेले गेणभाऊ मात्र मधेच फसले. त्यांचा एक पाय वर आला, चप्पल खालीच राहिली.

"ही जमीन तर आमच्यासारखीच निघाली," गेणभाऊ चप्पल उपसत म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "हनीफभाई, तुमी मुरमाड म्हनाला व्हता! ह्याच चिखलापायी तर आमी पिचलोय. कालवा आल्यापासनं रान वाळत न्हाई, घराच्या भिंतीला हात जाईल एवढ्या भेगा. पोरीच्या शेळ्यांची खुरं सडत्यात. औलादीच्या शेळ्या, औषधं करून करून सातातल्या चार गेल्या. सुकी, खड्याची जागा मिळंल म्हनून आलो व्हतो आमी एवढ्या लांब."

म्हणजे हनीफभाईंनी खरंच जे आहे तेच सांगितलं होतं!

"काका, हा माळ कुणाचा?" इंद्रायणीनं बोरीच्या पलीकडून विचारलं. ती शेळीजवळ जाऊन बसली होती. एक खडा उचलून तिनं खालच्या मातीला बोट लावून बघितलं होतं. "वैशाखात ओल आहे खाली. असली जागा हवी मला. खुरं आपोआप झिजतात, पाय कोरडे राहतात."

आता बघा. इथं नुसतं "माझा" म्हटलं असतं तरी गाडी रुळावर आली असती. पण सवय ही फार वाईट वस्तू. अडतीस वर्षं जे झाकलं ते जिभेनं आपोआपच झाकलं. "तो... तो सरकारी हाय," चांगदेव बोलून गेला. "गायरान. आपला न्हवं."

"असं होय," इंद्रायणी म्हणाली. तिनं शेळी उचलून खांद्यावर घेतली आणि ती टेम्पोकडं निघाली. गेणभाऊ चपलेचा चिखल दगडावर पुसायला लागले. दाराआडून भरत बाहेर आला होता. तो बापाकडं बघत नव्हता, त्या पोरीच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत होता. चांगदेवनं पोराचा तो चेहरा बघितला. दैव देतं आन् कर्म नेतं म्हणतात ते हेच, आणि कर्म तर त्यानं स्वतःच टँकर लावून भिजवलं होतं.

"थांबा!" तो ओरडला. "माजाच हाय! तो माळ माजा हाय! सगळीच जमीन बरड हाय माजी!"

गेणभाऊ वळले. "आत्ता तर गायरान म्हनाला."

"खोटं बोललो."

"आन् ही काळी?"

"ती बी खोटी!"

गेणभाऊंनी हनीफभाईंकडं बघितलं. त्यांना वाटलं, माणूस स्थळासाठी काहीही कबूल करायला निघालाय. उद्या म्हणेल, डोंगर माझा. "जाऊ द्या पावणं," ते शांतपणे म्हणाले. "एकदा काळी म्हनता, एकदा बरड म्हनता. आमी कशावर इश्वास ठेवायचा?"

हनीफभाईंनी शपथ घ्यायला तोंड उघडलं, पण त्यांच्या शब्दालाही आज दोन कवड्यांचा भाव राहिला नव्हता. "सरू, अगं सांग की तू तरी!" चांगदेव गयावया करत म्हणाला.

सरूबाई ओट्यावर पदर तोंडाला लावून बसली होती. खांदे गदगदा हलत होते. "मला काय म्हाईत बाई," ती म्हणाली. "माज्या बापाला बी पयल्यांदा येगळंच रान दाखवलं व्हतं. हे म्हनत्यात सरकारी, तर आसंल सरकारी."

मग चांगदेवनं कोपऱ्यातला टिकाव उचलला. नव्या सदऱ्यानिशी तो त्या ओल्या गाळात उतरला, घोट्यापर्यंत रुतला आणि घाव घातला. पहिल्या घावाला चिखल उडाला. दुसऱ्या घावाला खण्ण! ठिणगी पडली. त्यानं हातानं गाळ ओरबाडून बाजूला केला आणि खालचा तांबूस मुरूम ओंजळीत घेऊन वर धरला. खडे, रेती, चिमूटभर माती.

"हे बघा! हे हाय माजं रान! चार बोटं गाळ हाय, मीच आणून टाकलाय, तीन दिस ट्रॉल्या चालल्यात. गावात इचारा! हितं पानी थांबत न्हाई. हितं चिखल म्हंजी काय ते ठावं न्हाई. नांगराचा फाळ टिकत न्हाई, ऊस येत न्हाई, गहू येत न्हाई. हुलगा येतो, मटकी येती, आन् शेळ्या... माज्या बायकूच्या शेळ्यांची खुरं बघा, अडतीस वर्षांत एक लंगडी न्हाई निघाली! एवढी वाईट जमीन अख्ख्या तालुक्यात घावायची न्हाई तुमाला!"

खिजवलं जाण्याच्या भीतीनं जे अडतीस वर्षं गिळलं होतं, ते एका दमात बाहेर पडलं होतं. तोंडावर, टोपीवर, सदऱ्यावर सगळा गाळ. गेणभाऊंना हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात सरूबाई उठली. तिनं माळाकडं तोंड करून हाळी दिली, "ये-ये-ये-ये-ये!" आणि सरकारी गायरानातून तिच्या अकरा शेळ्या खडखड खुरं वाजवत उतरल्या. बोरीपर्यंत सरळ आल्या. गाळ दिसताच सगळ्या थबकल्या, आणि त्याला वळसा घालून, बांधाच्या दगडांवरून एकामागं एक अंगणात येऊन तिच्याभोवती उभ्या राहिल्या. इंद्रायणीनं वाकून एकेकीचं खूर उचलून बघितलं. आखूड, कोरडं, घासलेलं.

मग तिनं पहिल्यांदाच भरतकडं बघितलं. "हा गाळ काढायला किती दिवस लागतील?"

"आठ," भरत म्हणाला. मग जरा विचार करून त्यानं आजचे उरलेले आणि उद्याचेही शब्द एकदम काढले. "तुमी शेळी आजच ठिवून जा. वर माळावर शेळ्यांचं वाडगं हाय, सुकं. आठ दिसांत मी हे सगळं साफ करतो, मग तुमी येऊन बघा. शेळीचा पाय सुधारला तरच पुढचं बोलू."

"ठेवते," इंद्रायणी म्हणाली. "नाव चांदी आहे तिचं. हिरवा पाला जास्त देऊ नका."

आणि ती हसली. गेणभाऊंनी ते हसू बघितलं, उपसलेली चप्पल पायात घातली आणि चांगदेवला म्हणाले, "पावणं, आता च्या तरी द्या. साखर खरी हाय ना?"

आठ दिवसांनी चांदीनं चौथा पाय टेकला. सुपारी फुटली, तारीख धरली. गाळ काढायचं काम मात्र आठ दिवसांत काही झालं नाही. बापलेक रोज खोरी चालवत होते, निघालेला गाळ चांगदेव थोरल्या भावाच्या रानात नेऊन टाकत होता, आणि बाजारात सांगत होता, "आमच्याकडं काळी माती औषधाला बी सापडायची न्हाई! शुद्ध मुरूम! पावणं शेळी घिऊन बघायला येत्यात." ऐकणारे आता मान वर करून हसायचे, कारण हे तरी खरं होतं.

शेवटच्या दिवशी, ऊन कलल्यावर, बोरीजवळचा राहिलेला कोपरा सरूबाई आणि चांगदेव दोघं मिळून खरवडत होते. खालून खडे निघायला लागले तसा चांगदेव थांबला आणि टोपी काढून घाम पुसला.

"सरू," तो म्हणाला, "एक इचारू? तवा तुज्या बापाला मी हाच माळ दाखवला असता तर?"

सरूबाईनं घमेलं भरलं. "तर काय?"

"न्हाई म्हंजी... तू आली असतीस?"

"आले असते की."

चांगदेव तिच्या तोंडाकडं बघत राहिला. अडतीस वर्षं ही बाई त्याला खिजवत आली होती, त्यामुळं हे खिजवणं आहे की नाही ते त्याला ओळखू येईना. "खरंच?"

सरूबाईनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि बांधाकडं चालायला लागली.

"मला न्हाई थापा मारायची सवय," ती म्हणाली.